डोंगरी डल्सिमर, ठाण्याचा बेंजो आणि षड्जाची जागा

माजिवडा नाक्याला पूर्व द्रुतगती महामार्ग आणि घोडबंदर रस्ता यांची गाठ पडते, आणि या दोन्ही रस्त्यांच्या काठाने उभ्या राहिलेल्या उत्तुंग इमारती पाहिल्यावर हा मुलूख कधी काळी भातखाचरांचा आणि खाडीवर जगणाऱ्या माणसांचा होता, हे परगावच्या प्रवाशाला सांगूनही खरे वाटू नये, अशी आजची स्थिती आहे. तथापि माजिवडा, बाळकूम, ढोकाळी, कोलशेत ही आगरी-कोळ्यांची जुनी गावठाणे या इमारतींच्या मधोमध अजून आपापली वहिवाट सांभाळून आहेत. आणि लग्नसराईत त्यांपैकी एखाद्या गावठाणात हळदीचा मांडव पडला, की ढोल, ताशा, ऑक्टोपॅड आणि कर्णे यांच्या त्या प्रचंड कल्लोळातून जो एक तारेचा तीक्ष्ण, धातुमय आणि काहीसा हट्टी स्वर सगळ्यांवर मात करून कानी येतो, तो बेंजोचा असतो. संगीताच्या अभिजात दरबारात या वाद्याला मानाची जागा नाही, आणि ज्यांच्या दिवाणखान्यात मिरजेचा तंबोरा गवसणी घालून ठेवलेला असतो, ते रसिक बेंजोचे नाव निघताच बहुधा खिडकी लावून घेतात. असे असूनही वाद्यांच्या वंशावळीत या बेंजोचे स्थान मोठे मनोरंजक आहे. कारण अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलाचियन पर्वतराजीत गेली दोनशे वर्षे वाजत आलेल्या डल्सिमर नावाच्या वाद्याचा, रचनेने पाहिले तर, आपल्याकडील अत्यंत जवळचा भाऊबंद हाच आहे. त्या डोंगरी वाद्याची ओळख करून घेताना, आणि विशेषतः त्याच्या तारा कशा मिळवतात हे समजून घेताना, बेंजो, सतार आणि तंबोरा या घरच्या वाद्यांचाही एक नवा उलगडा होतो.

प्रथम आपल्या बेंजोची रचना पाहू. चामड्याने मढवलेल्या गोल तोंडाचे जे अमेरिकन वाद्य त्याच नावाने ओळखले जाते, त्याच्याशी याचा नावापलीकडे काही संबंध नाही. दुकानात याला बुलबुल तरंग म्हणतात. दोन फुटांच्या आसपास लांबीची एक लाकडी पेटी, तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या तारा, तारांखाली धातूचे आडवे पडदे, आणि तारांच्या वर टंकलेखन यंत्रासारखी बटणांची रांग, एवढाच याचा सरंजाम. डाव्या हाताने बटण दाबले, की ते तारेला खालच्या पडद्यावर टेकवते आणि तारेची वाजणारी लांबी तेवढी कमी होते. उजव्या हातातील नखीने तार छेडली, की स्वर निघतो. ज्या तारा बटणांखालून जातात त्या चालीच्या तारा. आणि पारंपरिक घडणीत त्यांच्या बगलेने आणखी काही तारा बटणांना न भेटता सरळ जातात, त्या कधी दाबायच्या नसतात, केवळ आधारस्वर म्हणून झंकारत ठेवायच्या असतात. हे वाद्य मूळचे हिंदुस्थानी नव्हे. जपानातील नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने १९१२ साली, म्हणजे सम्राट ताइशोच्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी, टंकलेखन यंत्राच्या बटणांची युक्ती तंतुवाद्याला लावून 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य सिद्ध केले. ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानात येऊन पोहोचले आणि बलुचिस्तानपासून कोकणपट्टीपर्यंत ठिकठिकाणच्या लोकसंगीताने त्याला निरनिराळी वळणे देऊन आपलेसे केले.

आता डल्सिमरकडे वळू. ही सुमारे तीन फूट लांबीची अरुंद, पोकळ लाकडी पेटी असून तिचा आकार कधी कमरेत आवळलेला, तर कधी पाण्याच्या थेंबासारखा एका टोकाला निमुळता असतो. पेटीच्या मध्यभागातून एक उंच पट्टी आरपार जाते, तिच्यावर धातूचे पडदे ठोकलेले असतात आणि पडद्यांवरून तीन तारा, किंवा चालीची तार दुहेरी धरल्यास चार तारा ताणलेल्या असतात. वाजवणारा हे वाद्य मांडीवर आडवे घेतो. त्याच्या अंगाकडील तार ती चालीची, मधली तार पंचमाची आणि पलीकडील जाड तार खर्जाची. जुन्या पद्धतीत डाव्या हातात वेळूची किंवा लाकडाची एक लहानशी कांडी धरून ती केवळ चालीच्या तारेवर पुढे-मागे सरकवीत, आणि उजव्या हातातील हंसाच्या पिसाच्या देठाने तिन्ही तारा एकाच फटक्यात छेडीत. त्यामुळे चाल एका तारेवर फिरे आणि बाकीच्या दोन तारा अखंड षड्ज-पंचमाचा नाद देत राहत. एकच वादक स्वतःचा तंबोराही आपणच वाजवीत आहे, अशी ही तजवीज. याच नावाचे दुसरे एक वाद्य लहान हातोड्यांनी तारांवर आघात करून वाजवतात. ते आपल्या संतूरच्या घराण्यातले असून त्याला पडदे नसतात, तेव्हा प्रस्तुत विवेचनात त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

या डोंगरी वाद्याची पूर्वपीठिका युरोपात सापडते. जर्मन मुलखात 'शाइटहोल्ट' नावाचे, लाकडाच्या ओंडक्यासारखे दिसणारे, पडदे असलेले एक साधे तंतुवाद्य प्रचारात होते आणि मायकेल प्रेटोरियस या संगीतशास्त्रज्ञाने सतराव्या शतकाच्या आरंभी आपल्या ग्रंथात त्याची नोंद केलेली आहे. नॉर्वेतील लांगेलाइक आणि फ्रान्सच्या व्होज प्रांतातील एपिनेट ही त्याच कुळातील वाद्ये. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात वसाहत केलेल्या जर्मन कुटुंबांनी हे वाद्य आपल्याबरोबर नेले. तेथून दक्षिणेकडे डोंगरांच्या रांगांमध्ये सरकणाऱ्या स्कॉटिश-आयरिश वसाहतवाल्यांच्या ते हाती लागले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी या प्रदेशांत त्याला आजचे रूप आले. केंटकीतील नॉट परगण्यात जेम्स एडवर्ड थॉमस नावाच्या कारागिराने १८७१ च्या सुमारास कमरेत आवळलेल्या आकाराचे डल्सिमर घडवण्यास प्रारंभ केला आणि पुढे जवळजवळ साठ वर्षे ते काम चालवले. त्या दुर्गम दऱ्याखोऱ्यांत सारंगीसारखे गजाने वाजवायचे व्हायोलिन बाळगणे सर्वांना जमण्याजोगे नव्हते; उलट अक्रोडाच्या किंवा पॉप्लरच्या चार फळ्या, तारेचे तुकडे आणि एक सुरी एवढ्या सामग्रीवर डल्सिमर उभा राहत असे, आणि शिकण्यास तो इतका सोपा, की गाणे ठाऊक असलेल्या माणसाला तासाभरात त्यावर ते काढता यावे.

मात्र या सोपेपणाची एक किंमत आहे, आणि आपल्या विषयाचे मर्म तेथेच दडलेले आहे. बेंजोवर एका सप्तकातील बाराही स्वरांचे पडदे असतात, हार्मोनियमच्या पेटीवर बाराही स्वरांच्या पट्ट्या असतात. पण डल्सिमरच्या पट्टीवर एका सप्तकाला सातच पडदे. कोणत्याही एका तारेवर, ती मोकळी वाजवून तिलाच षड्ज मानले, तर पडद्यापडद्याने वर जाताना शुद्ध रिषभ, शुद्ध गांधार, शुद्ध मध्यम, पंचम, शुद्ध धैवत, मग कोमल निषाद आणि सातव्या पडद्यावर तार षड्ज, असा क्रम मिळतो. आपल्या परिभाषेत हा सरळसरळ खमाज थाट झाला. आता प्रश्न असा, की ज्या वाद्यावर कोमल गांधाराला जागाच नाही, त्याच्यावर काफीच्या अंगाची चाल वाजवायची कशी? पडदे तर पक्के ठोकलेले, ते सरकवण्याची मुभा नाही. या अडचणीतून डोंगरातील वादकांनी जो मार्ग काढला, तो आपल्या प्राचीन संगीतशास्त्राला चांगला परिचित आहे: स्वरांची मालिका जशीच्या तशी ठेवायची आणि तिच्यातील षड्जाची जागा बदलायची. पायऱ्यांची उंची एकसारखी नसलेला जिना मध्येच वेगळ्या पायरीवरून चढू लागलो, तर चढणीचा अनुभव निराळा येतो, तसाच हा प्रकार. नाट्यशास्त्रात भरताने मूर्च्छना म्हणून जी कल्पना मांडली, एकाच ग्रामातील सात स्वरांपैकी प्रत्येकापासून आरंभ करून सात निरनिराळ्या स्वरावली मिळवण्याची, तिचेच हे प्रात्यक्षिक रूप म्हणावे लागेल.

तारा मिळवण्याचा विधी समजण्यासाठी आधी षड्ज-पंचमाचे नाते ध्यानात घेतले पाहिजे. तार सेकंदाला किती वेळा कंप पावते, यावर तिच्या स्वराची उंची ठरते. तार अर्धी केली, की कंपसंख्या दुप्पट होऊन तार षड्ज मिळतो; दोनतृतीयांश लांबी वाजवली, की कंपसंख्या दीडपट होऊन पंचम मिळतो; आणि तीनचतुर्थांश लांबीवर मध्यम. अठ्ठावीस इंच लांबीच्या तारेचा डल्सिमर घेतला, तर वरच्या टोकापासून सात इंचांवर मध्यमाचा पडदा, सव्वानऊ इंचांच्या किंचित पुढे पंचमाचा आणि बरोबर चौदा इंचांवर तार षड्जाचा पडदा येतो. दोन तारा एकाच स्वरात मिळत आल्या पण पुऱ्या मिळाल्या नाहीत, म्हणजे एक २२० आणि दुसरी २२२ कंपनांची असली, तर त्यांच्या संयुक्त नादात सेकंदाला दोन वेळा डोल ऐकू येतो. खुंटी पिळता पिळता हा डोल मंदावत जातो आणि थांबतो, तेव्हा तारा एकजीव झाल्या असे समजावे. षड्ज-पंचमातही हेच घडते, कारण तारेच्या मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतले अंशस्वरही निघतात, आणि षड्जाच्या तारेतून निघणारा तिसरा अंशस्वर आणि पंचमाच्या तारेतून निघणारा दुसरा अंशस्वर एकाच उंचीचे असतात. तंबोरा लावताना गवई कान तुंब्याजवळ नेऊन जे ऐकत असतो, ते बव्हंशी हेच होय.

महाराष्ट्रात या कानाची परंपरा मिरजेने जोपासली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तलवारीऐवजी तंतुवाद्ये हाती घेतली, आणि त्यांच्या वंशजांनी व शिष्यांनी मिरजेत सतार-तंबोऱ्यांचे असे कारखाने उभे केले, की २०२४ साली 'मिरज सतार' आणि 'मिरज तंबोरा' या दोहोंना भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या, शेवटची खर्जाची, आणि पहिली तार बहुधा पंचमाची. परंतु मालकंसासारख्या पंचमवर्जित रागात तीच तार मध्यमावर उतरवतात, आणि काही रागांत निषादावर लावतात. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जवारी उघडली, की प्रत्येक तारेतून अंशस्वरांचा झोत बाहेर पडतो. खुंटीने स्थूल आणि मणक्याने सूक्ष्म, अशा दोन पायऱ्यांनी सूर जुळवतात. येथे लक्षात घेण्यासारखी बाब ही, की तंबोऱ्यात रागाप्रमाणे आधाराची तार बदलते आणि गाणाऱ्याचा षड्ज ढळत नाही; डल्सिमरमध्ये आधाराच्या तारा बहुधा जागच्या जागी राहतात आणि बदलते ती चालीची तार.

प्रत्यक्ष विधी असा. आपल्याकडील पेटीच्या हिशेबाने बोलायचे, तर डल्सिमरची खर्जाची जाड तार पांढरी दोनमध्ये लावतात. पाश्चात्त्य परिभाषेत तोच 'डी' स्वर, आणि त्याची कंपसंख्या सुमारे १४७. ही एक तार पेटीवरून किंवा यंत्रावरून अचूक लावून घेतली, की पुढचे सारे काम वाद्यावरच होते. खर्जाची तार चौथ्या पडद्यावर दाबावी. तेथे तिचा पंचम, म्हणजे पांढरी सहा, मिळतो. त्या स्वराशी मधली मोकळी तार जुळवावी, डोल थांबेपर्यंत. मधली तार एकदा अशी बसली, की सामान्यतः तिला हात लावावा लागत नाही. आता उरली चालीची तार. तीही त्याच चौथ्या पडद्याशी जुळवून पांढरी सहामध्ये आणली, तर तारांचा मेळ षड्ज-पंचम-पंचम असा झाला. याला तिकडे 'डी-ए-ए' म्हणतात आणि जुन्या वादकांचा हाच आवडता मेळ होता. चालीची मोकळी तार पंचमाची असल्यामुळे षड्ज आला तिसऱ्या पडद्यावर. आणि तिसऱ्या पडद्यापासून वरच्या पडद्यांचा क्रम पाहिला तर तो बिलावलाचा, म्हणजे सर्व शुद्ध स्वरांचा, निघतो. शिवाय षड्जाच्या खाली निषाद, धैवत, पंचम हे तीन स्वर हाताशी राहतात, ही सोय ज्या लोकगीतांच्या चाली मंद्र पंचमापासून उठतात त्यांच्यासाठी फार मोलाची आहे.

आता खर्जाची तार सहाव्या पडद्यावर दाबा आणि चालीची तार तेथे मिळणाऱ्या कोमल निषादाशी जुळवा. षड्ज लगेच पहिल्या पडद्यावर सरकला, आणि त्याच्यापुढचा क्रम गांधार, धैवत, निषाद कोमल असलेला, आपल्या आसावरी थाटाचा, झाला. अ‍ॅपलाचियन मुलखातील करुण कथागीतांना हा मेळ फार शोभतो. खर्जाच्या तिसऱ्या पडद्यावरील मध्यमाशी चालीची तार उतरवून घेतली, तर षड्ज चौथ्या पडद्यावर जातो आणि गांधार-निषाद कोमल असलेला काफी थाट हाती येतो. आणि सातव्या पडद्यावरील तार षड्जाशीच ती जुळवली, तर मोकळी तार हाच षड्ज, व मघाशी सांगितल्याप्रमाणे खमाज थाट. चार मेळ, चार थाट, आणि पडदा एकही हललेला नाही. तत्त्वतः याच रीतीने पाचव्या पडद्याला षड्ज केल्यास भैरवी आणि सहाव्याला केल्यास कल्याण थाटही निघतो. म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांच्या वर्गीकरणासाठी जे दहा थाट योजले, त्यांपैकी सहा या साध्यासुध्या डोंगरी पट्टीवर सुप्तावस्थेत आहेत. उरलेले चार, म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, मात्र षड्ज कोठेही नेला तरी मिळावयाचे नाहीत. कारण त्या प्रत्येकात लागोपाठच्या दोन स्वरांमध्ये दीड स्वराचे अंतर कोठे ना कोठे येते, आणि डल्सिमरच्या पट्टीवर सलग दोन पडद्यांत एक किंवा अर्धा स्वर यांखेरीज तिसरे अंतरच नाही. दुसऱ्या पडद्याला षड्ज मानले तर शुद्ध पंचमच उरत नाही, म्हणून तो सातवा प्रकार षड्ज-पंचमाच्या आधारावर चालणाऱ्या वाद्याला निरुपयोगी.

या सर्व चर्चेत एक गोष्ट विसरता कामा नये: चालीच्या तारेवरील पडद्यांचा क्रम काहीही असो, त्यातला कोणता स्वर षड्ज, हे ठरवतात आधाराच्या दोन तारा. त्या नसत्या, तर बिलावल आणि काफी यांत ऐकणाऱ्याला भेद करणे कठीण झाले असते, कारण स्वर तेच. अखंड वाजणारा षड्ज-पंचम हा जणू हुकूम देतो, की येथून मोजा. म्हणून तारा मिळवणे म्हणजे वाजवण्यापूर्वी उरकून टाकायचा नुसता उपचार नव्हे. डल्सिमरच्या बाबतीत तर रागाच्या निवडीची पहिली पायरीच तेथे चढली जाते.

या दृष्टीने पाहिले असता पडदे असलेल्या वाद्यांपुढील एकाच समस्येची तीन उत्तरे आपल्यासमोर उभी राहतात. पहिले उत्तर सतारीचे: पडदे दोऱ्याने बांधलेले ठेवायचे आणि राग बदलला की कोमल-तीव्र स्वरांसाठी ते खाली-वर सरकवायचे, यालाच चल थाटाची सतार म्हणतात. दुसरे उत्तर पेटीचे आणि बेंजोचे: बाराही स्वरांच्या जागा एकदाच मांडून टाकायच्या आणि निवड वादकाच्या बोटांवर सोपवायची. तिसरे उत्तर डल्सिमरचे: जागा थोड्या आणि पक्क्या, पण षड्ज चल. पहिल्या उत्तरात श्रुतींची सूक्ष्मता साधते, परंतु कारागिरी आणि तयारी यांचा खर्च मोठा. दुसऱ्यात वेग आणि सोय आहे. हळदीच्या रात्री एका चालीतून दुसऱ्या चालीत क्षणार्धात शिरायचे असते, तेथे तारा उतरवीत बसायला कोणाला सवड आहे? म्हणून बेंजोवाला तारा मिळवतो तो थाटासाठी नव्हे, तर मेळातील इतर वाद्यांच्या पट्टीसाठी: चालीच्या सर्व मोकळ्या तारा परस्परांशी एकजीव करायच्या, ज्या बटणाला षड्ज मानले ते दाबून बगलेच्या तारा त्या षड्जाशी आणि त्याच्या पंचमाशी जुळवायच्या, की काम झाले. तिसऱ्या उत्तरात वेग नाही, पण चुकीचा स्वर लागण्याची भीतीही जवळजवळ नाही. एकदा मेळ बसला, की पट्टीवर त्या थाटाबाहेरचा स्वर मुळी उरतच नाही. नवशिक्याला तासाभरात गाणे येते, त्याचे रहस्य हेच.

पडदे कोठे ठोकावेत, हा प्रश्नही वरवर दिसतो तितका सरळ नाही. सप्तकाचे बारा समान भाग करण्याची आधुनिक रीत पाळली, तर अठ्ठावीस इंची तारेवर शुद्ध गांधाराचा पडदा वरच्या टोकापासून सुमारे ५.७८ इंचांवर येतो. आणि तोच गांधार नैसर्गिक, म्हणजे षड्जाच्या सव्वापट कंपसंख्येचा हवा असेल, तर पडदा ५.६ इंचांवर बसवावा लागतो. अंतर अवघे साडेचार मिलिमीटर. पण आधाराचा षड्ज अखंड वाजत असताना तेवढ्यानेही गांधार चढा लागतो आणि कानाला टोचतो. जुने डोंगरी कारागीर पडदे कानाने ठोकीत, त्यामुळे प्रत्येक वाद्याचा गांधार आपापल्या गावचा असे. आजही काही कारागीर आधारस्वरांशी गोड लागावा म्हणून नैसर्गिक गांधारच पसंत करतात. पेटीविषयी आपल्याकडे हाच वाद विसाव्या शतकाच्या आरंभी माजला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, जे सरकारी नोकरीतून डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले होते, त्यांनी बावीस श्रुतींची गणिती मांडणी करणारा आपला इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला. सनदी अधिकारी क्लेमंट्स यांनी त्यांच्या विचारांना पाठबळ दिले, अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या सुरेल गवयाचा कान या प्रयोगांच्या कामी आला, आणि त्यातूनच श्रुतींची पेटी घडवण्याचा उद्योग झाला. पेटी पुढे बारा समान स्वरांचीच राहिली, हे खरे. पण पडद्याची किंवा पट्टीची जागा आणि आधाराचा षड्ज यांच्यामध्ये जो सूक्ष्म झगडा असतो, त्याची दखल येथील विद्वानांनी तितक्याच गांभीर्याने घेतली होती, हे त्यावरून दिसते.

व्यवहारातील दोन-तीन सूचना येथेच नोंदवून ठेवतो. चालीची तार पंचमावरून तार षड्जापर्यंत चढवली, तर कंपसंख्या सव्वापटीहून थोडी अधिक वाढते, परंतु तारेवरील ताण वाढतो तो जवळजवळ १.७८ पट, कारण ताण हा कंपसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. जाड तारेवर हा ताण फार होतो. म्हणून त्या मेळासाठी बारीक तार लावण्याचा रिवाज आहे. तार नेहमी खालून वर चढवीत मिळवावी; वरून उतरवीत आणल्यास खुंटीपाशी राहिलेली ढील वाजवता वाजवता सुटते आणि तार पुन्हा उतरते. एक तार बरीच चढवली, की पेटीवरचा एकूण भार वाढून बाकीच्या तारा किंचित उतरतात, तेव्हा शेवटी सर्व तारा पुन्हा एकदा तपासाव्यात. ठाण्यासारख्या खाडीकाठच्या गावी आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे पावसाळा. दमट हवेत लाकूड फुगते, खुंट्या घट्ट बसतात, पोलादी तारांना गंज धरतो. बेंजो असो, तंबोरा असो वा परदेशातून आणलेला डल्सिमर असो, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसून वाद्य गवसणीत ठेवणे, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त बंदोबस्त.

डल्सिमरला डोंगराबाहेर नेण्याचे श्रेय मुख्यतः जीन रिची या गायिकेकडे जाते. केंटकीतील व्हायपर या खेड्यात १९२२ साली चौदा भावंडांत धाकटी म्हणून जन्मलेली ही स्त्री न्यूयॉर्कला गेली, आणि घरची गाणी डल्सिमरवर गाऊन तिने शहरी श्रोत्यांना या वाद्याचे वेड लावले. पुढे १९७१ साली जोनी मिचेल या लोकप्रिय गायिकेच्या ध्वनिमुद्रिकेतही त्याचा नाद ऐकू आला, आणि २००१ साली केंटकी राज्याने त्याला आपले अधिकृत वाद्य म्हणून मान्यता दिली. शहरात आल्यावर वाद्य बदललेही. सहाव्या आणि सातव्या पडद्यांच्या मध्ये एक जादा पडदा ठोकण्याची प्रथा पडली, ज्याला तिकडे 'साडेसहावा' म्हणतात. त्यायोगे मोकळ्या तारेला षड्ज मानूनही शुद्ध निषाद मिळू लागला, म्हणजे एकाच मेळात खमाज आणि बिलावल दोन्ही. त्यानंतर आणखी पडदे आले आणि बारा पडद्यांचे डल्सिमरही होऊ लागले. सोय वाढली, पण तारा मिळवण्यात जे शिक्षण होते ते तेवढे कमी झाले. आपल्या बेंजोची गती याहून वेगळी नाही: तो विजेवर चालू लागला, ध्वनिवर्धकावर चढला, चाकांच्या गाड्यावर बसून मिरवणुकीत निघाला, २०१६ साली रवी जाधव यांच्या हिंदी चित्रपटाचा विषयही झाला, मात्र आधाराच्या तारांचा तो झंकार आता त्या कोलाहलात सहसा ऐकू येत नाही.

डल्सिमर ठाण्यात सहजासहजी पाहावयास मिळणार नाही. पण त्याचे तत्त्व पडताळून पाहण्यासाठी त्याची गरजही नाही. घरी पेटी असेल, तर काळ्या पट्ट्यांना हात न लावता केवळ पांढऱ्या वाजवाव्यात. पांढरी एक षड्ज धरून तिचा पंचम सोबत दाबून ठेवला आणि वर चढत गेलो, तर बिलावल निघतो. त्याच पट्ट्यांवर पांढरी दोन हा षड्ज केला तर काफी, तीन केला तर भैरवी, चार केला तर कल्याण, पाच केला तर खमाज आणि सहा केला तर आसावरी. मात्र प्रत्येक वेळी नव्या षड्ज-पंचमाचा आधार चालू राहील, याची खबरदारी घ्यावी. शाळांतून आणि संगीतवर्गांतून मुलांना थाटांची नावे पाठ करायला लावण्यापूर्वी शिक्षकांनी हा प्रयोग एकदा करून दाखवावा, आणि शक्य असेल तर गावातल्या एखाद्या जाणत्या बेंजोवाल्याला बोलावून त्याच्याकडून बगलेच्या तारा मुलांसमक्ष मिळवून घ्याव्यात, अशी या लेखकाची शिफारस आहे. दहा थाटांच्या तक्त्यापेक्षा त्या अर्ध्या तासात मुले अधिक शिकतील.